स्टीव्हन्स यांचा उल्लेख हवा होता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंतावर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात सारे श्रेय लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या घोषणेला दिले आहे. ती घोषणा हा यादवी युद्धाच्या काळातील हुकूम होता आणि तो दक्षिणेतील बंडखोर प्रदेशापुरताच होता. बंडात सामील नसलेल्या केंटकी, मेरीलँड, मिसुरी व डेलावेअर या राज्यांतील गुलामांना तो लागू नव्हता. सर्वत्र बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. या दुरुस्तीसाठी आणि तिच्या पुढच्या लढाईत झगडलेले पेनसिल्व्हेनियाचे वकील आणि प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन सदस्य थॅडियस स्टीव्हन्स लेखात कुठेच नाहीत. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. मराठी वाचकाला तरी हे नाव परके राहू नये.

पुढची लढाई का लागली? मूळ घटनेत प्रत्येक राज्याच्या प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलामांमागे तीनच माणसे धरत. गुलामगिरी गेल्यावर हे सुमारे ४० लाख लोक पूर्ण मोजले जाणार होते. मतदान मात्र गोऱ्यांकडेच राहणार होते. म्हणजे बंड हरलेल्या दक्षिणेच्या जागा उलट वाढणार!

स्टीव्हन्स यांनी कामकाजाचा नियम नेमका हेरला. नव्या प्रतिनिधिगृहाच्या पहिल्या दिवशी जुना कारकून हजेरी घेतो आणि ज्यांची नावे पुकारली जातात त्यांनाच सभापतीच्या निवडीत मत असते. ४ डिसेंबर १८६५ रोजी कारकून मॅकफर्सन यांनी, रिपब्लिकन पक्षाच्या बैठकीत आधीच ठरल्याप्रमाणे, बंडखोर राज्यांतून निवडून आलेल्यांची नावे गाळली. त्यांपैकी टेनेसीचे मेनार्ड उठले, पण त्यांना बोलू दिले नाही. मग दोन्ही सभागृहांतील १५ जणांची संयुक्त समिती नेमली गेली आणि तिच्यातून चौदावी दुरुस्ती आली. तिच्या पहिल्या कलमातील ‘कायद्याचे समान संरक्षण’ भारतीय घटनेच्या अनुच्छेद १४ मध्येही आहे. स्टीव्हन्स यांना मात्र दुसरे कलम सर्वांत महत्त्वाचे वाटे: जे राज्य प्रौढ पुरुषांचा मताधिकार नाकारील, त्याच्या जागा त्या प्रमाणात घटतील. ते कधी बजावलेच गेले नाही.

हेच स्टीव्हन्स १८२१ मध्ये स्वातंत्र्यासाठी न्यायालयात गेलेल्या चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीविरुद्ध तिच्या मालकाचे वकील होते. गुलामाला सहा महिने पेनसिल्व्हेनियात ठेवले तर तो मुक्त, असा तिथला कायदा. तिचे तिथले मुक्काम तुकड्यातुकड्यांनी झाले होते. त्यांची बेरीज करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि ती हरली. स्टीव्हन्स यांच्यावर लिहिताना हेही लिहिलेच पाहिजे.

बड्या बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावे, ही त्यांची मागणी मात्र त्यांच्याच पक्षाने उचलून धरली नाही. जमीन नसल्याने हजारो कुटुंबे त्याच मळेवाल्यांच्या शेतांत अर्धेलीने राबू लागली आणि उधारीत अडकली. आपल्या लेखातील ‘मुक्तीनंतर’ या भागात ही बाजू यायला हवी होती.

आपला,
एक वाचक, सातारा