शालेय खेळाडूंचे गुडघे सांभाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि वर्गांची घडी बसते न बसते तोच तालुकास्तरीय शालेय स्पर्धा येऊन ठेपतात. उन्हाळाभर सराव नसलेली मुले मग एकदम सकाळ-संध्याकाळ कबड्डी आणि खो-खोला जुंपली जातात. अनेक दुखापतींचे मूळ या अचानक वाढवलेल्या ताणात असते. पण दोष मात्र मुलाच्या 'नाजूक' अंगकाठीला दिला जातो.

आमच्याकडे खेळापूर्वीचा व्यायाम म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या आणि उभ्याने पायाचे अंगठे धरणे. 'फिफा'ने फुटबॉलपटूंसाठी '११ प्लस' हा सुमारे वीस मिनिटांचा कार्यक्रम तयार केला असून त्यात धावण्यासोबत मांड्या व पोटाचे बळ, एका पायावरचा तोल आणि उडी मारून नीट जमिनीवर येणे यांचे १५ व्यायाम आहेत. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या व्यायामांमुळे एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने, तर गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी आढळल्या. कबड्डी हा वेगळा खेळ आहे हे मान्य; तथापि धावता धावता थबकणे, गर्रकन वळणे आणि उडीनंतर गुडघा आत झुकणे हे धोके दोन्हीकडे सारखेच आहेत. गुडघ्यातील एसीएल हे लिगामेंट (मांडीचे व पायाचे हाड जोडून ठेवणारा चिवट बंध) बहुधा अशाच क्षणी तुटते, मुलींमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने तरी जातात. शेतमजुराच्या घरातील मुलीसाठी तो बहुतेक वेळा खेळाचा शेवटच ठरतो.

या व्यायामांना ना मॅट लागते, ना यंत्रे. आठवड्यातून किमान दोनदा ते नेमाने करून घेणारा शिक्षक मात्र लागतो, आणि अनेक शाळांत क्रीडाशिक्षकाचे काम गणिताच्या किंवा चित्रकलेच्या सरांकडेच असते. शिवाय सवलतीच्या गुणांची आशा असल्याने मुले दुखणे लपवतात, आणि घरी सुजलेल्या घोट्याला गरम तेलाने चोळून दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा मैदानात पाठवले जाते. ताज्या दुखापतीवर असे चोळल्याने सूज वाढते, हे पालकांना कुणी सांगतच नाही.

स्पर्धेच्या दिवशी तर खेड्यावरचा संघ काळी-पिवळीत गुडघे दुमडून तासभर येतो, उतरल्या उतरल्या त्याचे नाव पुकारले जाते आणि आखडलेल्या पायांनी पोरगा थेट चढाईला जातो. जिल्हा क्रीडा कार्यालयाने प्रत्येक सामन्यापूर्वी संघाला वीस मिनिटे राखून द्यावीत, एका संघाला एका दिवशी किती सामने खेळवायचे याची मर्यादा ठरवावी आणि हे व्यायाम शिकवणारे एक दिवसाचे शिबिर शाळा उघडताच तालुक्याच्या ठिकाणी मराठीतून घ्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
दर्यापूर तालुका, जि. अमरावती