वर्तुळाला दोन खांदे

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

आई, मागच्या वेळी फोनवर तू विचारलंस, "त्या भंगाराचं काय झालं?" तेव्हा मी विषय बदलला, कारण तेव्हा ते भंगारच होतं. आता राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं कापणारं ते मशीन, चालतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, आणला तेव्हा रेल्सवरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, त्यात वर्षानुवर्षांचा भुसा. गॅन्ट्री, म्हणजे रेल्सवरून सरकणारी आडवी कमान, हातानं ढकलली तरी निम्म्यात अडायची. चिंध्या आणि रॉकेल घेऊन दोन रविवार त्यातच गेले. खरं सांगू? ते काम मला आवडलं. डोकं लागत नाही.

मोटारींचा पॉवर सप्लाय ३६ व्होल्टचा. नुसता चालू केला की मीटरवर बरोबर ३६, पण मोटारींवर भार आला की घसरायचा. उघडून पाहिलं तर मोठ्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. काळजी करू नका, आधी प्लग काढला, रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामा केला आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घातला. नवा ६३ व्होल्टचा बसवला, अधिक-उणे दोनदा बघून.

जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मेलेली, तिच्याबरोबर मशीनच्या सगळ्या सेटिंग्जही गेल्या. नवी डिस्क घालून त्याच डब्यात लिनक्ससीएनसी, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं. पॅरलल पोर्ट, म्हणजे मागचा जुन्या पद्धतीचा जोड, शाबूत होता, म्हणून मोटारी फिरवणारे जुने ड्रायव्हर बोर्डच कामाला आले. आकडे मात्र कागदावर नव्यानं काढावे लागले. मोटारीच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हर प्रत्येकीचे ८ भाग करतो, म्हणजे कॉम्प्युटरचे १६०० इशारे, पल्स. एका फेऱ्यात स्क्रू ५ मिमी सरकवतो. म्हणजे १ मिमीला ३२०. मशीनला १०० मिमी सांगितलं, बरोबर १०० गेलं, आणि मी हवेत.

मग ८० मिमीचं वर्तुळ कापलं. डोळ्यांना गोल दिसतं, पण कडेवरून बोट फिरवलं की डावीकडे आणि उजवीकडे, समोरासमोर, बारीकसा खांदा लागतो. एक्स अक्ष, म्हणजे डावी-उजवी चाल, दिशा बदलतो तो नेमका तिथेच. वाय, म्हणजे पुढची-मागची चाल, जिथे उलटतो तिथे काही नाही. म्हणजे बॅकलॅश, दिशा बदलताना वाया जाणारी ढिली चाल, फक्त एक्सला. सॉफ्टवेअरमध्ये तो भरून काढायचा आकडा टाकता येतो. दोन संध्याकाळ मी तेच करत बसले. कधी कमी पडायचा, कधी जास्त.

शेवटी बाबा, बारीक हालचाल काट्यानं दाखवणारा तुमचा डायल गेज काढला. तोच, ज्याला मी लहानपणी घड्याळ म्हणायचे. एक्स एकीकडून आणला, मग उलटा फिरवला, तर काटा ०.२२ मिमी उशिरा हलला. पुन्हा केलं तर ०.१५. दर वेळी वेगळं, मग एक आकडा घालून जमणार कसं? मग मोटारीच्या शाफ्टपासून, शाफ्ट आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगवरून, स्क्रूपर्यंत मार्करनं एक सरळ रेघ ओढली आणि मोटार हळूहळू मागेपुढे करायला लावली. मोटार फिरली, रेघ मध्येच तुटली, स्क्रू जागचा हलला नाही. कपलिंग शाफ्टवर आवळणारा छोटा ग्रब स्क्रू ढिला! ॲलन कीचा अर्धा फेरा, स्क्रू पुन्हा सुटू नये म्हणून थेंबभर थ्रेडलॉकर, दुसऱ्या दिवशी गेज ०.०४.

अजून एक कटकट आहे. स्पिंडल, म्हणजे कापणारं पातं फिरवणारी मोटार, सुरू केला की लिमिट स्विच, म्हणजे टोकाला गेल्यावर दाबला जाणारा स्विच, कुणी न दाबता मशीन थांबवतो. स्पिंडलची आणि स्विचची वायर एकाच पट्ट्यात बांधलेली, तिचाच हा गोंधळ असावा. शील्डेड, म्हणजे धातूच्या जाळीचं आवरण असलेली, केबल टाकून वेगळ्या वाटेनं नेणार आहे.

आई, तुझ्या बटणांच्या डब्याचं झाकण हरवलंय ना, पहिलं काम तेच करणार आहे. डब्याच्या तोंडाचा आतला आणि बाहेरचा व्यास पाठव. बाबांकडून व्हर्नियरनं मोजून घे, शिवणाच्या टेपनं नको. आणि बाबा, तुम्ही एकाच ठिकाणी मोजू नका, डबा खाली पडून चेपलाय, तिन्ही-चारही बाजूंनी बघा.

तुमची लेक