बाबा, त्या दिवशी तुम्ही फोन कापलात

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र लिहितेय. फोनवर हा विषय काढला की आई मध्येच "जेवलीस का" विचारते आणि तो राहूनच जातो.

गणपतीत घरी होते तेव्हाची गोष्ट. आरती होऊन आपण पानावर बसलो होतो. बाबा, तुमचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तुम्ही जेमतेम दोन वाक्यं ऐकलीत, "तुम्हाला दुसरे कामधंदे नाहीत का?" म्हणालात आणि कापलात. पलीकडे कुणीतरी मुलगी होती, तिचा आवाज मला ऐकू आला होता. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "मनू आयटीतच ना?" आणि आई "हो, आयटीत" म्हणाली. मी खाली मान घालून जेवत राहिले. तेव्हा गप्प बसले, ते अजून बोचतंय.

बाबा, मी त्या मुलीचंच काम करते. सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, आमच्याकडे एसडीआर म्हणतात. ज्या माणसानं आमचं नावही ऐकलेलं नाही त्याला फोन करायचा, त्याची अडचण समजून घ्यायची आणि आमच्या उपयोगाची वाटली तर अर्ध्या तासाची मीटिंग ठरवायची. पुढचा डेमो आणि पैशांचं बोलणं आमचे फाउंडर करतात. मीटिंग ठरली आणि तो माणूस खरंच आला, तरच ती माझ्या खात्यात धरतात. पगाराचा एक भाग त्यावरच अवलंबून आहे.

आणि आम्ही विकतो काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. जॉब वर्कला, म्हणजे पुढचं काम करून घ्यायला बाहेरच्या कारखान्यात गेलेल्या मालाचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर. कुपवाडच्या कंपनीत २९ वर्षं तुम्ही स्टोअरमध्ये हेच केलंत. कास्टिंग टर्निंगला गेले २००, परत आले १८६, रिजेक्शन ९, मग ५ कुठे? तो लाल शाईचा 'बाकी'चा रकाना मला आठवतो. आता तर पाठवलेला माल वर्षभरात परत आला नाही, तर तो विकलाच असं धरून जीएसटी भरावा लागतो. कितीतरी छोट्या कारखान्यांत हा हिशोब आजही स्टोअरवाल्याच्या डोक्यात किंवा एका वहीत असतो. मी फोन करते तो अशाच माणसांना. म्हणजे तुम्हालाच.

दिवसाला साठ-सत्तर फोन लावते. आठ-दहा जण उचलतात. नीट बोलतात दोघं-तिघं. विक्रीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे असा नियम आहे, आणि ते आकडे दिसले की लोक उचलतच नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. तुम्हालाही असे फोन नको असतील तर १९०९ वर नोंद करा, पुष्कळ कमी होतील. स्वतःच्याच कामाविरुद्ध सांगतेय, पण ज्याला नको आहे त्याला फोन जाऊच नये असं मला मनापासून वाटतं.

आमचं पंचांगही वेगळं आहे. ११ आणि २० तारखेच्या आसपास अकाउंटंटला फोन करायचा नाही, तो रिटर्नमध्ये बुडालेला असतो. महिनाअखेरीस डिस्पॅचवाल्याला नाही. गुरुवारी भोसरी-चाकणच्या कारखान्यांना सुट्टी, म्हणून मी पहिल्यांदा गुरुवार सोडून द्यायची. मग लक्षात आलं की त्या दिवशी मालक पुष्कळदा एकटेच ऑफिसात असतात, मशीनचा आवाज नसतो, आणि माणूस शांतपणे बोलतो. आता गुरुवार माझा सगळ्यात चांगला दिवस आहे.

एक फोन सांगते. भोसरीतले स्टोअरचे एक काका. मी नाव सांगतेय तोवर "थांबा जरा, गाडी आलीये" म्हणाले आणि फोन टेबलावर ठेवून गेले. फोन चालूच. प्रेसचा ठोका ऐकू येत होता. कुणीतरी मोठ्यानं नग मोजत होतं, एकतीस, बत्तीस, तेहतीस, मग कुणीतरी हाक मारली, मोजणारा चुकला आणि पुन्हा एकपासून सुरू झाला. चारेक मिनिटांनी काका आले. "अजून आहात होय!" मी म्हटलं, "मोजणी चुकली ना?" ते थांबले आणि मग वीस मिनिटं बोलले. मालासोबत जाणारं चलन कोण लिहितं, कुठलं हरवतं, कुणाशी भांडण होतं, सगळं. म्हणाले, "आमची पोरं टाइप करणार नाहीत बघा. चलनाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, तेवढंच जमतं."

हेच त्या आठवड्यात आणखी दोघांनी सांगितलं. आम्ही सगळे मिळून अकरा जण, एकाच खोलीत बसतो. मी खुर्ची वळवून फाउंडरना सांगितलं. तीन आठवड्यांत चलनाचा फोटो पाठवून नोंद होण्याची सोय तयार झाली. आधीच्या मोठ्या कंपनीत दोन वर्षांत माझं एक वाक्य कुणापर्यंत पोचलं नव्हतं. आई, तू विचारतेस ना, चांगली नोकरी का सोडलीस? यासाठी सोडली.

चूकही झाली माझ्याकडून. जूनमध्ये महिन्याच्या बारा मीटिंग व्हायच्या होत्या आणि हातात सातच होत्या. चाकणच्या एका मालकांनी विचारलं, "ई-वे बिल यातूनच निघतं का?" माल गाडीतून पाठवताना लागणारं ते सरकारी बिल तेव्हा निघत नव्हतं. मी "हो" म्हणाले. डेमोत ते सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही हो म्हणाला होतात." मला तोंड वर करवेना. रात्री झोप लागली नाही, सारखे तुम्हीच डोळ्यासमोर येत होतात. एका नगाचा हिशोब लागत नाही म्हणून तुम्ही रात्री आठ-आठपर्यंत थांबायचात. दुसऱ्या दिवशी फोन करून मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. ऑर्डर दिली नाही. त्यानंतर मी कधीही, टार्गेट कितीही लांब असलं तरी, नसलेलं आहे म्हणून सांगितलेलं नाही.

आणखी एक तुमच्यापासून लपवलं होतं. कंपनीकडे पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतील एवढेच पैसे आहेत. तोवर गिऱ्हाईकं वाढली किंवा नवी गुंतवणूक आली तर पुढे चालेल, नाहीतर बंद होईल. पगार आजवर वेळेवर झालाय. मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकलाय, त्याला हात लावत नाही. बंद झालीच तर दुसरीकडे हेच काम करीन, कारण ते मला येतं आणि आवडतं. काळजी करू नका असं म्हणणार नाही, तुम्ही करणारच. पण खरं माहीत असून करा.

काकूंना आता आयटी सांगू नकोस, आई. मनू कारखानदारांना फोन करते, सॉफ्टवेअर विकते, असं सांग.

बाबा, तुमचं ते जुनं रजिस्टर माळ्यावर असेल तर काढून ठेवा. दिवाळीत आले की तुमच्याजवळ बसून मला ते पानापानानं समजून घ्यायचंय. रिवर्कला परत गेलेला माल तुम्ही नव्या चलनावर दाखवायचात की जुन्याच? इथे आमच्यात यावरून दोन मतं आहेत, आणि मी सांगितलंय की बाबांना विचारून सांगते.

आई, ज्येष्ठमध संपलं. घसा दुपारपर्यंत बसतो. कुणी पुण्याला येणार असेल तर थोडं पाठव.

तुमची,
मनू