जावयाचं आडनाव सारागोसा

प्रिय दिग्या,

बरेच महिने लिहिलं नाही, शिव्या फोनवर दे. शुगर आटोक्यात आहे. आता बातमी, सानिका लग्न करतीय! पोरगा इथला, टेक्सासमधल्या सान अंतोनियोचाच, मेक्सिकन घरातला, आडनाव सारागोसा. मला आवडला रे, पण अण्णांना कोण सांगणार? ते पगार नाही विचारणार, पहिला प्रश्न, "मूळ गाव कुठलं?"

म्हणून रात्री जागून शोधलं. हे आडनाव स्पेनमधल्या शहराचं, म्हणजे आपल्यासारखंच, फक्त 'कर' नाही. आणि त्या शहराचं लॅटिन नाव काय, तर सीझरऑगस्टा! एब्रो नदीकाठी साल्दुइए नावाचं इबेरियन लोकांचं गाव होतं, तिथं इ.स.पू. 14 च्या सुमारास रोमन बादशहा ऑगस्टसने तीन लीजनचे (म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या तुकड्यांचे) निवृत्त सैनिक वसवले आणि गावाला स्वतःचं नाव ठोकलं. पुढे अरब आले, त्यांनी सराकुस्ता केलं, त्याचं सारागोसा. अख्खा बादशहा झिजून माझ्या जावयाच्या लायसन्सवर येऊन बसलाय बघ.

अण्णा इतिहासाचे मास्तर, खूश होतील, पण लगेच म्हणतील, "ते झालं, हा तिथं गेलाय का?" नाही गेलेला. आजोबा मेक्सिकोतल्या कोआविलाचे, त्यामागचं घरात कुणाला माहीत नाही. तू तरी काय, चिपळूणकर म्हणून मिरवतोस, चिपळूण पाहिलंस ते एसटी बंद पडली म्हणून! (त्यावरून हॉस्टेलला तू ताट आपटलं होतंस, मी विसरलेलो नाही.)

अजून एक मसाला. इग्नासिओ सारागोसा हा जनरल, जन्म 1829, इथल्याच गोलियाडचा, तेव्हा ते मेक्सिकोत होतं. 5 मे 1862 ला पुएब्लाला फ्रेंचांना हरवलं, सप्टेंबरात टायफॉइडने गेला, वय 33, आणि त्या शहराचंच नाव पुएब्ला दे सारागोसा झालं. गावावरून माणूस, माणसावरून परत गाव! आपल्या पोराचं त्याच्याशी काही नातं नाही, पण ते अण्णांना लगेच सांगायची गरज नाही.

खरं सांगू, अण्णा निमित्त आहेत. सानिका आडनाव बदलणार नाहीये, त्यांच्यात बायका तशाही बदलत नाहीत, मुलांना दोन्ही आडनावं, बापाचं आधी, आईचं मागून. म्हणजे नातू सारागोसा कवठेकर. मला भारी वाटलं, पण पोरगा म्हणाला अमेरिकेत मागचं बऱ्याचदा गळून पडतं, त्याच्या आईचं असंच गेलं. तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. मुलगी निघाली त्याचं सोडून मी 'कवठेकर'साठी रडतोय, हसू नको.

वहिनींचा गुडघा कसाय? फ्लॅटचा ताबा मिळाला का एकदाचा?

रविवारी अण्णांकडे जा. आधी चहा होऊ दे, मग ऑगस्टस काढ, मेक्सिको सगळ्यात शेवटी.

तुझा,
बंड्या