फेस आला म्हणजे सर्फॅक्टंट मिळाला असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मातीतल्या जिवाणूंपासून नैसर्गिक सर्फॅक्टंट (पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण, म्हणजे पृष्ठताण, कमी करणारा साबणासारखा पदार्थ) मिळवण्याविषयीचा आपल्या विज्ञान पुरवणीतला लेख वाचला. विषय छापलात हे चांगलेच झाले, पण ‘बाटली हलवून भरपूर फेस आला की जिवाणू सापडला’ हा त्यातला सल्ला वाचकांना चुकीच्या वाटेने नेणारा आहे. फेस प्रथिनांमुळेही येतो. पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिने) किंवा यीस्ट अर्क घातलेले माध्यम, म्हणजे जिवाणूंचे पोषक द्रावण, जिवाणू न सोडताच हलवले तरी फेसाळते. त्यामुळे चाचणी कुठलीही करा, शेजारी कोरे माध्यम ठेवल्याशिवाय तिला अर्थ नाही.

शोधाची सुरुवात तेल सांडलेल्या मातीपासून करावी. 1 ग्रॅम माती 9 मिलिलीटर मिठाच्या 0.85 टक्के द्रावणात घोळवून दहा-दहा पट पातळ करत न्यावी आणि पोषक प्लेटवर पसरावी. बॅसिलस (उष्णता सोसणारे बीजाणू बनवणारा जिवाणू) हवा असेल तर मूळ द्रावण आधी 80 अंश सेल्सिअसला 10 मिनिटे ठेवावे. बीजाणू तगतात, बाकीचे बहुतेक मरतात. प्लेटवर आलेल्या सुट्या वसाहती मग साध्या क्षारमाध्यमात वाढवाव्यात. लीटरला ग्लुकोज 40 ग्रॅम, अमोनियम नायट्रेट 4 ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 4.1 ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 5.7 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 0.2 ग्रॅम आणि कॅल्शियम व लोह अगदी लेशमात्र. ग्लुकोज वेगळे निर्जंतुक करून नंतर मिसळावे, नाहीतर माध्यम तपकिरी होते. 250 मिलिलीटरच्या फ्लास्कमध्ये 50 मिलिलीटरच भरावे. जास्त भरले की हवा कमी पडते, आणि मग जिवाणूचा तो वाण वाईट ठरवला जातो, चूक मात्र भरणाऱ्याची असते.

दोन दिवस 30 अंशाला हलवत ठेवल्यावर सेंट्रिफ्यूज करून फक्त वरची निवळ तपासायची. पेशी राहू दिल्या तर त्या स्वतःच तेल-पाण्याच्या सीमेवर बसून मिश्रण धरून ठेवतात. चपट्या पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर द्यावा आणि त्यावर निवळीचा 5 मायक्रोलीटरचा थेंब सोडावा. कोऱ्या माध्यमाचा थेंब मोत्यासारखा गोल उभा राहतो. निवळीत सर्फॅक्टंट असेल तर शेजारचा थेंब मिनिटभरात बसतो, पसरतो, कडा दिसेनाशी होते. यंत्र लागत नाही, दिवसाला शेकडो वाण पाहून होतात. रॉकेल आणि निवळ समप्रमाणात घुसळून 24 तासांनी लोण्यासारख्या थराची उंची मोजण्याची चाचणीही लेखात आहे. ती पायसीकरण, म्हणजे तेल-पाणी एकजीव धरून ठेवणे, दाखवते, पृष्ठताणाबद्दल काही सांगत नाही. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते.

पृष्ठताण शेवटी टेन्सिओमीटर या पृष्ठताण मोजणाऱ्या यंत्रावरच मोजावा. शुद्ध पाण्याचा सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू बनवतो ते सर्फॅक्टिन नावाचे सर्फॅक्टंट तो 27 पर्यंत खाली आणते. पण आकडा खाली आला म्हणजे उत्पादन भरपूर, असेही नाही. एका ठरावीक प्रमाणापुढे रेणूंचे पुंजके बनू लागतात आणि पृष्ठताण तिथेच अडून बसतो. म्हणून निवळ दहापट आणि शंभरपट पातळ करून पुन्हा मोजावी. शंभरपट पातळ करूनही आकडा 30 च्या आसपास राहिला तर त्या वाणावर पुढचा खर्च करायला हरकत नाही.

खरी कसोटी फर्मेंटरमध्ये, म्हणजे हवा सोडून जिवाणू वाढवण्याच्या मोठ्या टाकीत, लागते, आणि लेखात त्यावर एक ओळही नाही. फ्लास्कमध्ये गुणी दिसलेला वाण हवा आणि पंखे सुरू होताच फेसाने टाकी भरतो. फेस बाहेर जाणाऱ्या हवेच्या फिल्टरमध्ये शिरतो, फिल्टर भिजतो, दाब चढतो, संसर्ग आत येतो. फेसाबरोबर पेशीही बाहेर पडतात. सिलिकॉनचे फेसनाशक घातले तर ऑक्सिजन विरघळणे मंदावते, शिवाय ते मालात मिसळून शेवटी वजन फुगवते. बॅसिलसच्या बाबतीत फेसाशी न भांडता त्यालाच कामाला लावावे: बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेवर, फिल्टरच्या आधी, रुंद नळीने निर्जंतुक साठवण भांडे जोडायचे आणि फेस तिथे बसू द्यायचा. सर्फॅक्टंट हवा-पाण्याच्या सीमेवरच गोळा होतो, त्यामुळे बसलेल्या फेसातले द्रावण टाकीतल्या द्रावणापेक्षा कितीतरी दाट मिळते. या काळात पीएच 6.5 ते 7 राखावा. ग्लुकोजपासून आम्ले होऊन तो घसरला की सर्फॅक्टिन टाकीतच साका धरू लागते.

हाच गुण नंतर उपयोगी येतो. गोळा केलेल्या द्रावणातून पेशी काढून हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 2 करावा, रात्रभर 4 अंशाला ठेवून साका सेंट्रिफ्यूजने वेगळा करावा. हा साका तपकिरी असतो आणि त्यात प्रथिनेही असतात; त्यालाच शुद्ध माल म्हणून तोलले की उतारा कागदावर खूप मोठा दिसतो. मेथेनॉलमध्ये विरघळवून घेऊन मेथेनॉल उडवल्यावर उरेल ते वजन खरे, आणि तेही एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पडताळलेले.

आणखी एक गोष्ट. लेखात रॅम्नोलिपिड या दुसऱ्या सर्फॅक्टंटसाठी स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू ‘घरच्या घरी’ वाढवायला सुचवला आहे. हा जिवाणू जखमा, डोळे आणि दुबळ्या फुफ्फुसांत संसर्ग करतो, अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. सुरक्षित प्रयोगशाळेबाहेर त्याला जागा नाही. उद्योगाने त्याची रॅम्नोलिपिड बनवणारी जनुके स्यूडोमोनास पुटिडासारख्या निरुपद्रवी जिवाणूत घातली ती याच कारणाने. ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे सर्फॅक्टिनलाही लागू नाही. 1968 मध्ये जपानी संशोधकांनी त्याचे वर्णन केले तेव्हाच ते रक्त गोठू देत नाही हे नोंदले होते, आणि रक्त-अगारवर (रक्त मिसळलेल्या पोषक प्लेटवर) वसाहतीभोवती दिसणारे स्वच्छ वर्तुळ म्हणजे त्याने फोडलेल्या लाल पेशी. लेखातली स्यूडोमोनास एरुजिनोसा घरी वाढवण्याची सूचना तेवढी पुढच्या अंकात मागे घ्यावी, ही विनंती.

आपले,
किण्वन प्रयोगशाळेत काम करणारे दोन वाचक