बायबलच्या वर्गातल्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम सलाम.

पापाचा उगम तुम्ही आम्हाला "आदामानं खाल्लं, आपण भोगतोय" असा एका वाक्यात गुंडाळून दिला नाहीत, त्याबद्दल हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण "बाई पोरांचा विश्वास डळमळीत करतात" हेही आपल्या चर्चच्या मंडळीत काहीजण चारचौघांतच बोलले होते.

दावीदाच्या शिरगणतीचा पाठ अजून डोळ्यांसमोर आहे. एकाच बाकावर दोन बायबलं उघडायला लावलीत: डावीकडे २ शमुवेल २४, उजवीकडे १ इतिहास २१. गोष्ट तीच. राजा लोक मोजायला काढतो, त्याचा सेनापती यवाब नको नको म्हणतो, मरी येऊन ७०,००० माणसं जातात, शेवटी एका यबूसी माणसाच्या खळ्यावर वेदी उभी राहते. पण दावीदाला चिथावलं कुणी? डावीकडे कोपलेल्या परमेश्वरानं, उजवीकडे सैतानानं! कुणीतरी म्हणालं, छपाईची चूक असेल. तुम्ही हसलात आणि सांगितलंत, इतिहासाचं पुस्तक बरंच नंतरचं, यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासात जाऊन आल्यानंतरचं. असलं काम देवाच्या नावावर घालायला त्या लेखकाचं मन धजलं नसावं. मग ईयोबाचं पुस्तक काढलात. तिथला सैतान तर देवपुत्रांबरोबर दरबारात हजर होतो आणि परवानगी मिळाल्यावरच छळतो.

एदेन बागेत तुम्ही फार रेंगाळला नाहीत. उत्पत्तीतला साप हा धूर्त प्राणी, त्याला सैतान म्हटलेलं वाचायला थेट बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं प्रकटीकरण १२ गाठावं लागतं, एवढंच. काईनापाशी मात्र थांबलात. पाप दाराशी टपलंय, पण तू त्याच्यावर सत्ता चालव, असं देव त्याला बजावतो. तेही बागेतून हकालपट्टी झाल्यावर, आदामाच्याच पोराला. जन्मतःच हरलेल्याला असं कोण सांगेल?

आदामाचं पाप प्रत्येकाला जन्मतःच लागतं म्हणणाऱ्या संत ऑगस्टीनच्या हिशेबात बाप्तिस्म्याविना गेलेलं तान्हं बाळही दोषी. आमच्या ताईचं बाळ तसंच गेलं. तुम्हाला ते ठाऊक होतं का, मी कधी विचारलं नाही. त्या रविवारी तुम्ही यहेज्केल १८ वाचलंत: बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही. संध्याकाळी तोच अध्याय मी ताईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पुन्हा वाच म्हणाली.

एका माणसामुळे पाप जगात आलं असं सांगणारा रोमकरांस पत्राचा ५वा अध्यायही तुम्ही लपवला नाहीत. तो अजूनही माझ्या गळी पुरता उतरत नाही, आणि उतरवायची घाई तुम्हीही केली नाहीत.

यंदा तरुण संघाचा वर्ग माझ्याकडे आलाय. शिरगणतीच्या पाठाला याल का? गुडघ्यांची काळजी नको, रिक्षा घेऊन मीच येतो.

तुमचा,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी