गॅस-इंडक्शनची जोड शेगडी घेताना

महोदय,

गॅस आणि इंडक्शन एकाच काचेवर देणारी जोड शेगडी नागपूरकरांच्या खरोखर सोयीची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पंखा सुरू ठेवून इंडक्शनवर वरण शिजवता येते. भरिताचे वांगे भाजायला आणि भाकरी फुगवायला मात्र ज्योतच हवी. परंतु विकत घेताना रंगरूपाचीच चर्चा अधिक होते, हे खटकते.

२००० वॅटचे इंडक्शन २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. ते ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर चालवणे धोक्याचे असल्याने स्वतंत्र वायरीचा १६ अँपिअरचा पॉइंट आणि पक्के अर्थिंग आधी करून घ्यावे. जुन्या घरांत तर वायरमनला दाखवल्याशिवाय पैसे भरूच नयेत. घरातल्या भांड्यांच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहावे. तो चिकटला नाही, तर ते भांडे इंडक्शनवर तापणार नाही. साधी ॲल्युमिनियमची कढई आणि पितळी पातेले त्यातच आले. ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेलेच मॉडेल निवडावे.

विजेचा भार, चालणारी भांडी आणि शेगडी बसवण्यासाठी ओट्यात घ्याव्या लागणाऱ्या कापाचे माप यांची माहिती विक्रेत्यांनी ग्राहकाला मराठीत लेखी द्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक गृहिणी, नागपूर